टिंग टिंग बंद करण्याआधी...

गेल्या आठवड्यात कँटीनमध्ये विषय निघाला गाड्यांचा. आमच्या टीममध्ये दोन-तीन वर्षांत चौघांनी नवीन गाड्या घेतल्या आणि चौघांच्याही गाडीत 'एडास' आहे. म्हणजे पुढच्या काचेमागे कॅमेरा, बंपरमागे रडार. धडक होणार असं वाटलं की गाडी आधी ओरडते, आणि आपण काहीच केलं नाही तर स्वतःच ब्रेक मारते. लेन सोडली की स्टिअरिंग थरथरतं. या फीचरसाठी चौघांनी मुद्दाम वरचं व्हेरियंट घेतलं, त्याचे जास्तीचे पैसे मोजले. आणि आता चौघांचं एकमत काय? "अरे, पहिल्याच आठवड्यात बंद करून टाकलं!"

आता बोला.

कारणंही ठरलेली. "हे सगळं युरोपच्या रस्त्यांसाठी आहे रे, आपल्याकडे चालूच शकत नाही." "मध्येच ब्रेक मारला तर मागचा येऊन ठोकेल." आणि सगळ्यात आवडतं, "पंधरा वर्षं गाडी चालवतोय, एक ओरखडा नाही. आता मशीन मला शिकवणार?"

मी गप्प बसलो, कारण सहा महिन्यांपूर्वीपर्यंत मीही अगदी हेच म्हणत होतो. पण तेव्हापासून डोक्यात घोळतंय ते आज लिहूनच टाकतो.

आधी या मंडळींचं बरोबर काय ते कबूल करू. कॅमेऱ्याला लेन ओळखायला रस्त्यावर पट्टे लागतात. आपल्याकडे अर्ध्या रस्त्यांवर पट्टे नाहीत, उरलेल्यांवर जुने पुसट पट्टे आणि नवे पट्टे एकमेकांना छेद देत गेलेले. रिक्षा आणि टू-व्हीलर पुढच्या गाडीशी आपण ठेवलेली जागा ही आपल्यासाठीच सोडली आहे असं समजून आत घुसतात. अशा वेळी गाडी दचकते, हे खरं. आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेत विनाकारण ब्रेक लागल्याच्या 354 तक्रारी आल्यावर तिथल्या सरकारी यंत्रणेने फेब्रुवारी 2022मध्ये टेस्लाच्या दोन मॉडेल्सची चौकशी सुरू केली होती. म्हणजे खोटे ब्रेक लागतात, ही काही लोकांची कल्पना नव्हे.

मग माझं मत बदललं कशामुळे?

सिंहगड रोडवर संध्याकाळी सातच्या सुमारास घरी येत होतो. स्पीड चाळीसच्या आसपास. त्या आठवड्यात ऑन-कॉल होतो, फोन गुरगुरला आणि मी स्क्रीनकडे पाहिलं. फक्त पाहिलं, उचललासुद्धा नाही. तेवढ्यात गाडी किंचाळली, करकचून ब्रेक लागला आणि मी बेल्टमध्ये पुढे फेकला गेलो. तोंडातून पहिली शिवी निघाली ती गाडीला. मग समोर पाहिलं. बंपरपासून जेमतेम दोन हातांवर एक स्कूटर होती. मागे शाळेची बॅग पाठीला लावलेली एक लहान मुलगी बसलेली. पुढच्या खड्ड्यासाठी त्या माणसाने स्कूटर हळू केली होती, इतकंच. खड्डा चुकवून तो निघून गेला. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. त्याला काही कळलंच नाही.

यात माझं शहाणपण शून्य. माझ्या गाडीत ऑटो ब्रेक बंद केला तरी पुढच्या वेळी गाडी सुरू करताना तो आपोआप चालू होतो. या 'त्रासा'बद्दल मी कित्येकदा कुरकुर केली होती. रोज निघताना मेनूत जाऊन बंद करायचो. त्या दिवशी विसरलो. बस्स.

नंतरच्या शनिवारी मी एक उद्योग केला. मुंबईला जाऊन आलो होतो, त्या प्रवासात गाडी नऊ वेळा ओरडल्याचं मी मोजलं होतं, आणि नऊच्या नऊ वेळा ती उगाच ओरडली अशी माझी खात्री होती. डॅशकॅमचं कार्ड लॅपटॉपला लावलं आणि एकेक प्रसंग परत पाहिला. पाच वेळा ती खरंच उगाच ओरडली होती. दुरुस्तीच्या जागी वाकडे पट्टे, वळणावर बाजूच्या लेनमधला ट्रक, असलं काहीतरी. पण उरलेल्या चार वेळा चूक माझी होती. दोनदा इंडिकेटर न देता लेन बदलली होती आणि दोनदा पुढच्या गाडीच्या इतका मागे चिकटलो होतो की व्हिडिओ पाहताना माझाच पाय ब्रेक शोधायला लागला. गाडी चालवताना मात्र या चारही गोष्टी मला 'नॉर्मल' वाटल्या होत्या.

सांगायचा मुद्दा हा की "खोटा अलार्म" हा निकाल देतो कोण? तर ड्रायव्हर. म्हणजे आरोपीच न्यायाधीश! अपघात झाला नाही की अलार्म खोटा ठरला. आपण मॉनिटरिंगमध्ये असं करतो का? सर्व्हर पडला नाही म्हणजे डिस्क भरल्याचा अलर्ट खोटा होता, असं म्हणणाऱ्याला स्टँडअपमध्ये काय ऐकून घ्यावं लागेल? रात्री तीनला नको ते अलर्ट येतात तेव्हा आपण थ्रेशोल्ड बदलतो, कुठले अलर्ट उपयोगाचे नाहीत ते काढून टाकतो. सगळं मॉनिटरिंगच बंद करून झोपत नाही. ऑफिसात जे अक्कलशून्य वाटतं ते पार्किंगमधून गाडी बाहेर काढताना एकदम प्रॅक्टिकल कसं होतं?

आणि "आपले रस्तेच तसे" हा युक्तिवाद तर मला आता अजिबात पटत नाही. त्याला एक साधा पुरावा आहे. 1 जुलै 2019पासून बनलेल्या गाड्यांमध्ये दोन गोष्टी सक्तीच्या झाल्या. बेल्ट लावला नाही तर टिंग टिंग, आणि 80च्या वर गेलं की ठरावीक वेळाने बीप, 120च्या वर सलग बीप. बेल्टच्या टिंग टिंगला पट्टे लागत नाहीत, कॅमेरा लागत नाही, रिक्षावाल्याने लेन पाळायचीही गरज नाही. युरोप असो की उरुळी, बेल्ट एकतर लावलेला असतो किंवा नसतो. मग त्याचं आपण काय केलं? बक्कलमध्ये खोचायच्या बनावट क्लिपा विकत घेतल्या. बेल्ट न लावता गाडीला फसवायचं. देवाची चित्रं, कंपनीचे लोगो असलेल्या क्लिपासुद्धा मिळायच्या. मे 2023मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांना त्या काढायला लावल्या, तेव्हा 13,118 लिस्टिंग उतरवल्या गेल्या. त्याच्या आदल्याच वर्षी, 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी बेल्ट लावला नव्हता, असं तेव्हा पोलिसांनी सांगितलं. आठवडाभर सगळ्यांनी मागे बसून बेल्ट लावले. नंतर काय झालं ते तुम्हाला माहीत आहे.

म्हणजे दुखणं रस्त्याचं कमी आणि दुसऱ्या कुणीतरी चूक दाखवण्याचं जास्त आहे. बायकोने "जरा हळू" म्हटलं तरी आपल्याला झोंबतं, इथे तर चक्क मशीन!

आता ते 'पंधरा वर्षं एक ओरखडा नाही'. उत्तम आहे. पण सरकारी अहवालानुसार 2022 या एका वर्षात देशात 1,68,491 माणसं रस्त्यावर गेली. ती सगळी काय नवशिक्या ड्रायव्हरांच्या हातून गेली? अनुभवी माणसाची नजरही दोन सेकंद हलतेच. ताशी 60च्या वेगाने गाडी सेकंदाला साधारण 16.7 मीटर जाते. दोन सेकंदांत 33 मीटर, म्हणजे जवळजवळ तीन बसच्या लांबीइतकं अंतर आपण न बघता कापतो. आणि ऑटो ब्रेकला धडक पूर्ण टाळता आली नाही तरी धडकेचा वेग 50वरून 30वर आला, तर तिची ऊर्जा जवळजवळ एक तृतीयांश उरते. हे अकरावीचं फिजिक्स आहे, मार्केटिंग नाही.

अमेरिकेतल्या विमा कंपन्यांनी चालवलेल्या आयआयएचएस या संस्थेने प्रत्यक्ष अपघातांच्या नोंदी तपासल्या. ऑटो ब्रेकवाल्या गाड्यांनी पुढच्या गाडीला मागून धडकण्याचं प्रमाण निम्म्याने कमी निघालं. पादचाऱ्यांच्या अपघातांत घट 27 टक्के. पण जिथे रस्त्यावर दिवे नाहीत तिथे अंधारात काहीच फरक पडला नाही, हेही त्याच संस्थेने सांगितलं. म्हणजे हे काही चिलखत नाही. पण निम्मे अपघात कमी करणारं दुसरं काही तुमच्या गाडीत बटण दाबून मिळतंय का?

आणि आता खरी गोष्ट. कँटीनमध्ये चौघांनी मतं दिली, चौघंही गाडीच्या आत बसणारे. एअरबॅग आतल्यासाठी, बेल्ट आतल्यासाठी. पण ऑटो ब्रेक बऱ्याच वेळा बाहेरच्या माणसासाठी लागतो. 2022मध्ये मेलेल्यांपैकी जवळजवळ 45 टक्के टू-व्हीलरवरचे होते आणि सुमारे 20 टक्के पायी चालणारे. त्यांना कुणी विचारलं, "काय हो, ही टिंग टिंग ठेवायची का बंद करायची?" त्या स्कूटरवाल्याला विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता? त्याने माझी गाडी घेतलेली नाही, वरच्या व्हेरियंटचे पैसे दिलेले नाहीत. पण मी रोज सकाळी मेनूत जाऊन जे बंद करत होतो, ते त्याच्या मुलीचं होतं. माझं नव्हतंच.

युरोपात 7 जुलै 2024पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नवीन कारमध्ये ऑटो ब्रेक, लेन सांभाळणारी यंत्रणा आणि वेगमर्यादेचा इशारा सक्तीचा झाला. तिथलेही ड्रायव्हर बीपला वैतागतात. वेगमर्यादेचा इशारा बंद करायची मुभा तिथल्या कायद्याने दिली आहे, पण गाडी परत सुरू केली की तो परत चालू! मला हा तोडगा एकदम बरोबर वाटतो. बंद करायचं स्वातंत्र्य ठेवा, पण कायमचं विसरून जायची सोय नको. माझ्या आयुष्यात तर याच एका डिफॉल्टने मला वाचवलंय.

दुसऱ्या टोकाच्या लोकांबद्दलही दोन शब्द. क्रूझ कंट्रोल लावून, स्टिअरिंगला पाण्याची बाटली अडकवून, मांडी घालून रील काढणारे महाभाग आहेत. एडास लेव्हल टूमध्ये गाडी चालवण्याची जबाबदारी शंभर टक्के ड्रायव्हरचीच असते. तेव्हा 'मला कशाला हवं' म्हणणारा आणि 'आता तीच चालवेल' म्हणणारा, दोघांनीही मॅन्युअल वाचलेलं नाही.

दोष कंपन्यांचाही आहे. सेटिंग तीन मेनू आत लपवायचं, सगळ्या इशाऱ्यांना एकच आवाज द्यायचा, आणि डिलिव्हरीच्या दिवशी सेल्समनने सनरूफ अर्धा तास दाखवून एडासला दोन मिनिटं द्यायची! आपल्या ट्रॅफिकसाठी ट्यूनिंग करून द्या हे त्यांना ठणकावून सांगायलाच हवं. बग रिपोर्ट करा, जरूर करा.

पण तोवर एवढं तरी करा. लेनचं थरथरणं गावात त्रास देत असेल तर खुशाल बंद करा, हायवेला लागलात की चालू करा. धडकेच्या इशाऱ्याची संवेदनशीलता कमी करायची सोय असेल तर ती करा. पाऊस, अंधार, घाट असेल तर त्याच्यावर विसंबू नका. फक्त ऑटो ब्रेकला हात लावू नका.

असो. बरंच झालं. सोमवारी कँटीनमध्ये चौघांना हे वाचायला लावणार आहे. एक जण नक्की म्हणणार, "तुला चालवता येत नाही, म्हणून तुला लागतं रे." त्याला माझं उत्तर तयार आहे: हो, त्या दिवशी दोन सेकंद मला खरंच येत नव्हतं. तुझे दोन सेकंद अजून यायचेत, एवढाच फरक.