छंद ही चैन नव्हे : डोंगरी सायकलीच्या निमित्ताने

आपल्या समाजात सायकलीला एक इतिहास आहे, आणि तो हौसेचा इतिहास नाही. गिरणीची पाळी गाठण्यासाठी, पहाटे पेपरची लाईन टाकण्यासाठी, दुधाच्या किटल्या पोहोचवण्यासाठी, तालुक्याच्या शाळेत वेळेवर हजर होण्यासाठी आपल्या वडीलधाऱ्यांनी सायकल चालवली. घरात पहिली मोटारसायकल आली, त्या दिवशी अंगणातली सायकल अडगळीत गेली आणि कुणालाही तिचे वाईट वाटले नाही. सायकल सुटणे म्हणजे कष्ट सुटणे, हे समीकरण त्या पिढीने अनुभवातून मांडले होते. त्यामुळे शिकून नोकरीला लागलेली मुले रविवारी पहाटे उठून, पदरमोड करून घेतलेल्या सायकली डोंगरावर चढवतात, हे पाहून घरच्यांना प्रश्न पडतो. गावात तो ‘पेट्रोल परवडत नाही का?’ असा विचारला जातो आणि घरात ‘एवढे शिकून शेवटी सायकलच?’ असा.

शाळेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत या प्रश्नाचे उत्तर द्यावे असे आम्हांला वाटते. आम्ही म्हणजे शाळेच्या निरनिराळ्या तुकड्यांतील दहाबारा माजी विद्यार्थी आणि विद्यार्थिनी. पिंपरी-चिंचवड परिसरात पोट भरणारे आणि सुट्टीच्या दिवशी मावळात डोंगरी सायकल चालवणारे. आमचे म्हणणे थोडक्यात असे : कष्टाची सायकल सुटणे हा जसा प्रगतीचा टप्पा होता, तसाच हौसेने सायकल उचलता येणे हा तिच्या पुढचा टप्पा आहे, आणि तो टप्पा आपल्या वसतिगृहातील मुलामुलींना शाळेतच गाठता यावा.

प्रथम या छंदाची ओळख. आपल्याकडे ‘बाईक’ म्हटले की मोटारसायकल डोळ्यांसमोर येते, म्हणून ‘माउंटन बाइकिंग’ या शब्दाने गैरसमज होतो. येथे इंजिन नाही. रुंद आणि खाचांचे टायर, पुढच्या चाकावर शॉकअप, आडवे रुंद हँडल, भक्कम ब्रेक आणि चढणीसाठी अगदी हलके गिअर असलेली ही सायकल डांबरी रस्ता सोडून पायवाटेने, बैलगाडीच्या चाकोरीने आणि दगडधोंड्यांतून जाते. हा श्रीमंतांचा खेळ आहे, असा समज आहे. त्याचा उगम मात्र जुन्या, टाकून दिलेल्या सायकलींत आहे. 1970 च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, माउंट टमालपाइस या डोंगराच्या परिसरात काही तरुणांनी 1930-40 च्या काळातील जड सायकली गोळा केल्या, त्यांची डागडुजी केली आणि त्या उतारावर सोडल्या. 21 ऑक्टोबर 1976 रोजी त्यांची पहिली शर्यत झाली. सुमारे 2 मैलांच्या त्या वाटेवर 1,300 फुटांची उतरण होती. पॅडल उलटे दाबून लागणारे त्यांचे ब्रेक इतके तापत, की चाकाच्या मध्यभागी भरलेले ग्रीस धूर होऊन उडून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. यावरूनच त्या वाटेला ‘रीपॅक’ असे नाव पडले. वीस वर्षांनी, 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला. भंगारातून ऑलिंपिकपर्यंतचा हा प्रवास पैशाने नव्हे, हाताच्या कामाने आणि फुरसतीच्या वेळेने घडवला.

आमची नेहमीची वाट मळवली स्थानकापासून भाजे गावातून वर जाते. डाव्या हाताला भाजे लेणी राहतात. पुढे चढण सुरू होते आणि लोहगड व विसापूर या दोन किल्ल्यांमधल्या गायमुख खिंडीत ती संपते. या चढणीत डौल काही नाही. सगळ्यांत हलका गिअर टाकल्यावर पाय भराभर फिरतात आणि सायकल माणसाच्या चालीने सरकते. अंग पुढे झुकवले नाही तर पुढचे चाक उचलते. फार झुकवले तर मागचे चाक खडीवर गरगरते. कित्येकदा उतरून सायकल ढकलावी लागते. मात्र खिंडीत पोहोचल्यावर पलीकडून वारा येतो, पवनेचे पाणी दिसू लागते आणि आपण येथवर आपल्याच पायांनी आलो, ही साधी गोष्ट फार मोठी वाटते.

उतरणीचा आनंद वेगळा. बैठक सोडून पॅडलांवर उभे राहायचे, टाचा खाली, कोपर सैल, दोन बोटे ब्रेकवर. उतरणीचा पहिला नियम असा की नजर दगडावर ठेवायची नाही, दगडाशेजारच्या वाटेवर ठेवायची. ज्या दगडाची भीती वाटून आपण त्याच्याकडे पाहत राहतो, चाक नेमके त्यावरच जाते. याला आम्ही ध्यान म्हणणार नाही. ध्यान ते ध्यान आणि सायकल ती सायकल. तथापि आठवडाभर यंत्रावर, संगणकावर किंवा वर्गात शिणलेले मन त्या दहा मिनिटांत दुसरीकडे कुठेही भटकत नाही, एवढे अनुभवाने सांगता येते.

आता वैताग. तो आनंदाइतकाच नियमित आहे. मावळातील बाभळीचा काटा कोणत्याही टायरची भीड ठेवत नाही. ट्यूब काढावी, फुगवून पाण्यात धरावी, बुडबुडे शोधावेत, कागदाने घासावे, सोल्युशन लावून ठिगळ चिकटवावे आणि चाक बसवल्यावर दुसरा काटा टायरमध्येच राहिल्याचे लक्षात यावे, असा प्रसंग प्रत्येकाच्या वाट्याला आलेला आहे. महागड्या ट्यूबचा बारीक व्हॉल्व्ह गावातल्या पंपाला बसत नाही. म्हणून आम्ही मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असलेल्या ट्यूबच पसंत करतो. दगडावर आपटून मागचा गिअर वाकला, तर त्याचा सुटा भाग तालुक्याच्या दुकानातही मिळेलच असे नाही. मग चेन तोडून, आखूड करून, एकाच गिअरवर घर गाठावे लागते. पावसाळ्यात भातखाचरांजवळचा चिखल चाक आणि फोर्क यांच्यामध्ये असा ठासून बसतो की सायकल ढकलतासुद्धा येत नाही, खांद्यावर घ्यावी लागते. तीन तास चालवलेली सायकल धुण्यापुसण्यात आणि चेनला तेल देण्यात आणखी दीड तास जातो.

हवेचेही तसेच. चाकात हवा फार भरली तर सायकल प्रत्येक खड्यावर उसळते. फार कमी असेल तर दगडाच्या धारेवर ट्यूब रिममध्ये चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोके पडतात. अंगुत्तर निकायात सोण भिक्षूला भगवंतांनी दिलेला वीणेचा दृष्टांत आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याने ऐकलेला आहे : तार फार ताणलेली नको, फार सैलही नको. तो उपदेश साधनेतील वीर्याविषयी आहे, टायरविषयी नाही, हे आम्ही जाणतो. परंतु वर्गात ऐकलेली गोष्ट अंगठ्याखाली दाबून पाहता आली की ती विसरत नाही.

काही वैताग मात्र पान्याने सुटत नाहीत. काल ज्या पायवाटेने गेलो, तेथे आज तारेचे कुंपण असते आणि आत बंगल्याचा पाया खणलेला असतो. गुराख्यांची, सरपणाला जाणाऱ्या बायांची वाट त्याबरोबर बंद झालेली असते. आमचा एक रविवार बुडतो. त्यांचा रोजचा फेरा वाढतो. गावातील माणसांशी या वाटेवर बोलल्यामुळेच ही गोष्ट आम्हांला कळली, मोटारीच्या काचेतून ती कळली नसती.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एवढा खटाटोप कशासाठी? कशासाठीही नाही, हेच त्याचे मोल आहे. आपल्या घरांत प्रत्येक गोष्टीला कारण लागते. वाचन परीक्षेसाठी, खेळ पोलीस भरतीसाठी, चालणे डॉक्टरांनी सांगितले म्हणून. ही सवय गरिबीने लावली आणि तिने आपल्याला तारलेही, तेव्हा तिची हेटाळणी आम्ही करणार नाही. परंतु बाबासाहेबांनी या विषयावर काय मांडले आहे, तेही विसरून चालणार नाही. 1945 साली प्रसिद्ध झालेल्या ‘व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स’ या ग्रंथात यंत्रयुगाची बाजू घेताना त्यांनी फुरसतीचा मुद्दा पुढे ठेवला. पोटासाठी राबण्यातच ज्याचे सारे आयुष्य जाते, त्याला संस्कृतीचे जीवन जगता येत नाही. मनुष्य आणि पशू यांत जो फरक आहे, तो फुरसतीशिवाय प्रत्यक्षात येत नाही. म्हणून कष्ट कमी करणारी यंत्रे मूठभरांसाठी नव्हे तर सर्वांसाठी हवीत, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. ज्ञानासाठी स्वतःचे डोळे आणि प्रकृती झिजवणाऱ्या या महामानवाने उत्तरायुष्यात व्हायोलिनचे धडे घेतले, त्यामागेही हीच दृष्टी असावी. फुरसत ही आळसाची बहीण नाही. ती हक्काची गोष्ट आहे आणि हक्क वापरायलाही शिकावे लागते.

या विचाराला घेतले जाणारे आक्षेप आम्ही ऐकले आहेत. पहिला पैशाचा. चांगल्या डोंगरी सायकलीची किंमत मोटारसायकलीला भिडते, हे खरे. पण शिकण्यापुरती गिअरची सायकल 15 ते 20 हजारांच्या आसपास मिळते आणि एक सायकल वसतिगृहातील अनेक मुले आळीपाळीने वापरू शकतात. दिसायला झोकदार, दोन्हीकडे स्प्रिंगा लावलेल्या स्वस्त आणि जड सायकली मात्र घेऊ नयेत. त्या चढणीवर मुलांचा उत्साहच मारतात. दुसरा आक्षेप धोक्याचा. हेल्मेट, हातमोजे, प्रथमोपचाराची पेटी आणि एकट्याने न जाण्याचा कडक नियम यांनी धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. खरचटणे होणारच. परंतु आपल्या मुलांना आयुष्यात पडायचेच आहे. सोबतीला माणसे असताना पडून पुन्हा उठण्याचा सराव झाला, तर तो वाया जात नाही. तिसरा आक्षेप अभ्यासाचा. आठवड्यातील एक सकाळ हे त्याला उत्तर आहे. वसतिगृहाची शिस्त त्यासाठीच असते.

मुलींविषयी स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे. शाळेत जाण्यासाठी मुलींना सायकली देण्याच्या शासकीय योजना अनेक राज्यांत आल्या. बिहारमध्ये 2006 पासून अशी योजना सुरू झाली. त्यांचे महत्त्व मोठे आहे. पण त्या सायकलीची वाट घरापासून शाळेपर्यंत आणि शाळेपासून घरापर्यंत आखलेली असते. ‘रविवारी तुला कुठे जावेसे वाटते?’ असे त्या मुलीला कुणी विचारत नाही. आमच्यातील विद्यार्थिनींचा अनुभव असा की डोंगरावरची चढण सोपी होती. घरून निघताना द्यावी लागणारी उत्तरे अवघड होती. शाळेने हा उपक्रम घेतला तर ती उत्तरे शाळाच देईल.

या छंदाला मर्यादाही हव्यात. ओल्या पायवाटेवर टायरच्या चऱ्या पडतात, त्यांतून पाणी धावते आणि माती वाहून जाते. म्हणून भर पावसात मऊ वाटा टाळाव्यात. भाताच्या बांधावर चाक घालू नये. गुरे समोर आली तर थांबावे. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय जाऊ नये. आणि भाजे, बेडसे, कार्ले येथील लेण्यांकडे जाताना सायकल पायथ्याशी ठेवून पायऱ्या पायीच चढाव्यात. ते आपले वारसास्थान आहे, कसरतीची जागा नव्हे.

आमची सूचना लहान आहे. या वर्षी शाळेने गिअरच्या सहा सायकली घ्याव्यात, तीन मुलांच्या आणि तीन मुलींच्या वसतिगृहासाठी. एका खोलीत पाने, पंप, सोल्युशन आणि सुटे भाग ठेवून दुरुस्तीचा कट्टा करावा. पंक्चर काढता आल्याशिवाय कुणालाही सायकल मिळू नये, हा पहिला नियम असावा. शिकवण्यासाठी महिन्यातून दोन रविवार येण्याची जबाबदारी आम्ही घेतो.

खर्चाबाबत एकच सांगावेसे वाटते. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर निरनिराळ्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. कुणी एक खांब दिला, कुणी आणखी काही. त्या लेण्यातील दात्यांमध्ये एक सुतारही आहे. एका राजाने एका दिवसात ते उभारले नाही. माजी विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीने एक सायकल दिली, तर सहा तुकड्यांत काम पूर्ण होते. ज्यांच्या वडिलांनी सायकलीवरून कष्ट वाहिले, त्यांनी ती पुढच्या पिढीला आनंदासाठी द्यावी, यासारखे दुसरे दान आम्हांला सुचत नाही.

भवतु सब्ब मंगलं.