नाटुकली मुलांनाच लिहू द्या

प्राथमिक शाळेतल्या मुलांकडून संहिता लिहून घेणे म्हणजे वेळेचा अपव्यय, असा सूर गेल्या अंकातील एका पत्रात आहे. स्नेहसंमेलनात पाठ केलेले नाटुकले सादर केले की पुरे, हे त्यातले म्हणणे पटण्यासारखे नाही.

मुलांना गांभीर्याने घेतले, म्हणूनच मराठी बालरंगभूमी वाढली. सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये ‘लिटल थिएटर’ सुरू केले आणि रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’ हे बालनाट्य रंगमंचावर आले. पुढे मतकरींनीच ठाण्यात ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. तिथे वस्त्यांमधल्या मुलांनी आपल्या जगण्यातले विषय घेऊन नाटिका रचल्या, सादर केल्या. दुसऱ्याची वाक्ये घोकून हे घडले नसते.

तिसरी-चौथीच्या वर्गातही हे जमते. सुरुवात मात्र बोलण्यापासून करावी. डबा खाताना झालेले भांडण दोघांनी करून दाखवायचे, बाकीच्यांनी ‘मग काय झालं?’ विचारायचे, बाईंनी निवडक संवाद फळ्यावर उतरवायचे. मग मुले वहीत पात्राचे नाव, पुढे संवाद आणि कंसात कृती लिहितात. प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह कशासाठी, ते आवाजातून कळते. तालमीसाठी तेच पान पुन्हा पुन्हा वाचले जाते, तेव्हा अडखळणारे मूलही सरावते.

घरी अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्या मुलाला त्या बोलीतले पात्र लिहू द्यावे. शुद्धलेखन दुसऱ्या खर्ड्यात तपासता येते.

– एक प्राथमिक शिक्षिका