मित्राच्या वाणीची जोखीम

निवडणुकीचे दिवस आले कीं दोन पक्षांच्या युतीची वार्ता येते, आणि आपल्या बुधवार पेठेंतील सुशिक्षित घरांतूनही पहिला प्रश्न निघतो तो हाच, कीं कोणास किती जागा मिळाल्या? वस्तुतः त्याहून महत्त्वाचा प्रश्न निराळा आहे. कौटिल्यानें राजनीतीच्या सहा गुणांत संधीस पहिलें स्थान दिलें. परंतु त्याच्या मतें संधि म्हणजे अटींनीं बांधलेला करार. ज्या युतींत जागा तेवढ्या बांधलेल्या असतात आणि वाणी मोकळी असते, तिला संधि कोणत्या अर्थानें म्हणावें?

आपल्या महाराष्ट्रांतीलच उदाहरण घेऊं. १९८७ सालीं मुंबईंत विलेपार्ले येथें पोटनिवडणूक झाली व शिवसेनेचे डॉ. रमेश प्रभू निवडून आले. भारतीय जनता पक्षानें त्या वेळीं त्यांच्या विरुद्ध जनता पक्षाच्या उमेदवारास पाठिंबा दिला होता. प्रचारसभांतून बाळासाहेब ठाकरे यांनीं धर्माच्या नांवानें मतें मागितलीं, या कारणास्तव मुंबई उच्च न्यायालयानें १९८९ सालीं ती निवडणूक रद्द केली. आणि त्याच सालीं भाजप व शिवसेना यांची युती झाली. उग्रता एकाच बाजूस होती असेंही नव्हे. अयोध्येसंबंधींचा ठराव भाजपनें पालमपूर येथें त्याच वर्षीं संमत केला. १९९५ सालीं सेनेस ७३ व भाजपस ६५ जागा मिळून मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें विलेपार्ल्याचा निर्णय कायम केला. राज्य मात्र युतीचेंच चालू राहिलें.

यांत मतदाराची स्थिति काय झाली तें पाहावें. १९९५ सालीं आपल्या कसब्यांत कमळ होतें व गिरीश बापट निवडून आले. मुठेपलीकडे शिवाजीनगरांत मात्र युतीचें चिन्ह धनुष्यबाण होतें, आणि शशिकांत सुतार निवडून आले. तेथील ज्या गृहस्थास कमळच प्रिय होतें, त्यास युती राखावयाची तर धनुष्यावरच शिक्का मारणें भाग होतें. जागा वांटल्या जातात त्या पुढाऱ्यांच्या बैठकींत. मित्रपक्षाच्या वाणीचा भार मात्र न विचारतां मतदाराच्या माथीं येतो.

यावर जुन्या वळणाच्या लोकांचें एक ठराविक उत्तर असतें: उग्र पक्ष संगतीनें निवळतो, लगाम आमच्या हातीं राहील. जर्मनींत फॉन पापेन व ह्युगेनबर्ग यांनीं असाच हिशेब केला. ३० जानेवारी १९३३ रोजीं हिटलर चॅन्सेलर झाला, तेव्हां मंत्रिमंडळांत त्याच्याखेरीज त्याच्या पक्षाचे दोघेच होते. जून अखेर ह्युगेनबर्ग मंत्रिमंडळाबाहेर पडले, त्यांचा पक्ष विसर्जित झाला, आणि १४ जुलैस नाझी पक्षाखेरीज सर्व पक्षांस कायद्यानें बंदी झाली. लगाम सुटण्यास सहा महिनेही लागले नाहींत.

ही उपमा आपल्याकडे जशीच्या तशी लावणें अन्यायाचें होईल. येथें निवडणुका होत राहिल्या, आणि १९९९ सालीं युतीची सत्ता मतदारांनींच काढून घेतली. शिवाय येथें क्रमही उलटा झाला. १९९० सालीं विधानसभेच्या १८३ जागा लढविणारी सेना थोरली व १०४ लढविणारा भाजप धाकटा होता. २०१४ सालीं युती तुटली, तेव्हां भाजपस १२२ व सेनेस ६३ जागा मिळाल्या. २०२२ सालीं तर सेनाच दुभंगली. यावरून कोणी म्हणेल कीं लगाम धरणाराचाच जय झाला. जागांपुरतें तें खरें आहे. परंतु १९८७ सालची जी भाषा न्यायालयांत वादाचा विषय झाली, ती सेनेच्या जागांबरोबर घटली काय? याचें उत्तर प्रत्येकानें गेल्या निवडणुकींतील सर्व पक्षांचीं भाषणें आठवून स्वतःशींच द्यावें.

सोयरीक ठरवितांना आपण दागिन्यांच्या यादीपूर्वीं घराचें वळण विचारतों. मग मत मागावयास दारीं आलेल्या उमेदवारासही विचारावें, कीं आपला मित्रपक्ष मर्यादा सोडून बोलला तर आपण जाहीरपणें निषेध कराल काय, आणि कोणत्या गोष्टीसाठीं आपण युती मोडाल? ज्यास या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर देतां येत नाहीं, त्याचा लगाम त्याच्या हातीं नाहीं असें समजावें.