वारली माणसाला बोलू द्या

प्रति,
मराठी वृत्तवाहिन्यांचे संपादक आणि मालिकांचे निर्माते यांस,



मी तारापूरची, वारली घरातली. बोईसरच्या कारखान्यात नोकरी करते. पालघर जिल्ह्यात एक तृतीयांशाहून जास्त लोक आदिवासी आहेत. तुमच्या पडद्यावर मात्र आम्ही दिसतो ते डोलीतून नेलेली गरोदर बाई, खंगलेले मूल किंवा मंत्र्यांपुढचा तारपा नाच एवढ्यापुरते.

डोलीची बातमी द्याच. 1992 साली जव्हारकडच्या वावर-वांगणीतले बालमृत्यू वृत्तपत्रांनी राज्यापुढे आणले, ते योग्यच झाले. पण अशा बातमीत अधिकारी बोलतो, पुढारी बोलतो, बातमीदार बोलतो. बाईला कुणी विचारत नाही, की बाई, रस्ता कुणी अडवलाय?

16 एप्रिल 2020 ला आमच्याच जिल्ह्यातल्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांच्या चालकाला जमावाने ठार मारले. तो गुन्हाच होता, त्याची शिक्षा व्हायलाच हवी. मुले पळवणारी टोळी फिरतेय, या अफवेतून तो घडला. तरी काही वाहिन्यांनी आधी त्याला हिंदू-मुसलमान रंग दिला. अटकेतल्या 101 जणांची यादी जाहीर करून त्यात एकही मुसलमान नाही, हे राज्याच्या तेव्हाच्या गृहमंत्र्यांना सांगावे लागले. मग रोख आमच्याकडे वळला आणि अख्खा समाज रानटी ठरला. त्यानंतर ‘मी पालघरची’ म्हटले की समोरच्याचा चेहरा बदलायचा.

याचे ओझे मुलांवर येते. आमची मुले वर्गात वारली बोलत नाहीत. आईचा फोन आला की बाजूला जाऊन हळू आवाजात बोलतात. मालिकेत गावठी बोली घरगड्याच्या तोंडी असते आणि त्यावर हशा होतो, हे त्यांनी रोज पाहिलेले असते. स्वतःची लाज त्यांना घरात कुणी शिकवलेली नाही.

आमची चित्रे मात्र सगळ्यांना हवीत. लग्नघराच्या भिंतीवर सुवासिनी ‘चौक’ नावाचे चित्र लिहितात, त्यात पालघट देवी बसते. ती चित्रे आता उशांवर आणि पडद्यांवर छापली जातात. गंजाडच्या वारली चित्रकार जिव्या सोमा मशेंना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्यावर एखादी मालिका का होऊ नये?

किंवा वारल्यांच्या 1945 च्या उठावावर करा. लग्नासाठी कर्ज काढले की नवरा-बायको जन्मभर सावकाराचे लग्नगडी व्हायचे. गोदावरी परुळेकरांबरोबर उभे राहून वारल्यांनीच ती वेठ मोडली. आमच्या मुलांना त्यांचे आजोबा लढणारे म्हणून दिसू द्या. आजच्या गोष्टीत वारली नर्स, वकील, अभियंताही असू द्या. अशी माणसे आमच्यात आहेत.

तलासरी, डहाणू, जव्हारमध्ये शिकलेल्या वारली, कोकणा, कातकरी मुली-मुलगे आहेत. त्यांना बातमीदार म्हणून घ्या, लेखक म्हणून घ्या, आणि नेमणूक पूर्ण पगारावर करा.

आपली,
तारापूरची एक प्रेक्षक