चोरीचे डोंगर

परवा रात्री पुण्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, मला डिजिटल लँडस्केप शिकायचंय. डोंगर, ढग, धुकं वगैरे. मित्र एक भारी सॉफ्टवेअर क्रॅक करून देतोय, पण त्याला ग्राफिक्स कार्ड तगडं लागतं. तू येताना तिकडून आणशील?" मग हळूच पुढची बातमी. एका क्लासची फी दीड लाख आहे आणि ताई त्यासाठी एफडी मोडायला निघाली आहे. मी म्हटलं, अरे आधी एक पैसा न घालवता एक डोंगर करून दाखव, मग बोलू. तर म्हणतो, "फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये काय होणार, मामा?"

इथे माझं डोकं फिरलं. म्हणून हा प्रपंच.

पहिली गोष्ट, फुकट आणि मुक्त यांत फरक आहे. बिचाऱ्या इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द. आपल्याकडे दोन आहेत, तरी आपण घोळ घालतोच. टेराजेनची बिनपैशाची आवृत्ती मिळते, छान आहे, पण त्यातलं काम विकता येत नाही. ती फुकट. ब्लेंडर मुक्त आहे. ते बनवणारी कंपनी 2002 मध्ये बंद पडली, तेव्हा टॉन रूझेन्डालने लोकांकडून सात आठवड्यांत एक लाख युरो गोळा करून त्याचा सोर्स कोड सोडवून घेतला. तेव्हापासून ते सगळ्यांचं आहे. आणि "त्यात काय होणार" याचं उत्तर हवं असेल तर लॅटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिसचा 'फ्लो' बघा. जंगल, पूर, बुडालेली शहरं, सगळं ब्लेंडरमध्ये केलेलं. 2025 मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. आता बोला.

मी काही सोवळ्यातला माणूस नाही. कॉलेजात असताना फूटपाथवरच्या शंभर रुपयांच्या सीड्या मीही आणल्या आहेत. त्या सीड्यांनी मला काय शिकवलं? इन्स्टॉल करायला! चार जीबीचं सॉफ्टवेअर चालू झालं याचाच आनंद इतका, की पुढे एक रेडीमेड डोंगर उघडायचा, रंग बदलायचा, मित्रांना दाखवायचा आणि झोपायचं. व्हायरस आला तो वेगळा. "तुम्हाला तिकडे परवडतं, म्हणून उपदेश करता" असं कोणी म्हणेल. अहो, परवडत असूनही मी घरी ब्लेंडरच वापरतो. कारण त्याची चावी माझ्या हातात आहे. उद्या कोणी भाडं वाढवून मला बाहेर काढू शकत नाही.

पण माझा खरा राग क्रॅकवर नाही, त्या रेडीमेड डोंगरांवर आहे. या तऱ्हेचे डोंगर फ्रॅक्टलच्या गणितातून येतात. लॉरेन कार्पेंटर नावाच्या बोईंगमधल्या इंजिनियरने 1980 मध्ये 'व्हॉल लिब्र' ही दोन मिनिटांची फिल्म दाखवली आणि लोक थक्क झाले. गणित सुंदर आहे, वादच नाही. पण प्रीसेट दाबला की बहुतेक वेळा आल्प्ससारखी टोकदार शिखरं बाहेर पडतात. वर बर्फ, खाली पाइनची झाडं. पुण्याची मुलं दर रविवारी सिंहगड चढतात आणि सोमवारी स्वित्झर्लंड रेंडर करतात! सह्याद्री असा दिसत नाही. माथे सपाट, कडे उभे आणि मध्ये पायऱ्या, कारण तो लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला आहे. 'डेक्कन ट्रॅप' मधला ट्रॅप हा शब्दच स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आलाय. हे त्या दीड लाखाच्या क्लासच्या माहितीपत्रकात कुठेही नव्हतं (भाच्याने मला पाठवलं होतं). होती ती बटणांची यादी.

मग सुरुवात कुठून? आपल्याच डोंगरापासून. फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर यानाने अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरत रडारने जमिनीची उंची मोजली. एसआरटीएम म्हणतात त्या डेटाला. 2014 पासून तो साधारण तीस मीटरच्या अंतराने, जगभराचा, टप्प्याटप्प्याने खुला झाला. अमेरिकी सरकारच्या साइटवर खातं उघडा आणि उतरवून घ्या. माझ्या टॅक्सचा निदान एवढा उपयोग तरी तुम्ही करा :) एन18ई073 नावाची एकच फाइल घ्या. सुमारे पंचवीस एमबी. तिच्यात पुणे, सिंहगड, राजगड, तोरणा, लोहगड, रायगड सगळे आहेत!

क्यूजीआयएस हेही मुक्त. त्यात सिंहगडापासून तोरण्यापर्यंतचा पंचवीस किलोमीटरचा चौकोन कापा. मीटरमधल्या प्रोजेक्शनमध्ये बदलायला विसरू नका, नाहीतर आपल्या अक्षांशावर डोंगर पूर्व-पश्चिम पाचेक टक्के ताणला जातो. मग सोळा बिटची ग्रे इमेज काढा. आठ बिटची नको. आठशे मीटरचा फरक 256 पातळ्यांत कोंबला की एकेक पातळी तीन मीटरहून मोठी होते आणि उतारावर खोट्या पायऱ्या दिसतात. गंमत म्हणजे सह्याद्रीत खऱ्या पायऱ्याही आहेत, त्यामुळे नवशिक्याला आपण फसलो हे कळतच नाही. मी महिनाभर खूश होतो!

ब्लेंडरमध्ये प्लेन घ्या, त्याचे भाग पाडा, डिस्प्लेस मॉडिफायर लावा. इमेजचं कलर स्पेस नॉन-कलर ठेवा, मिडलेव्हल शून्य, आणि स्ट्रेंग्थ म्हणजे सर्वांत उंच आणि सर्वांत खोल बिंदूंमधला फरक, मीटरमध्ये. डोंगर अर्ध्यात कापलेला दिसला तर क्लिप एंड वाढवा. या चौकोनात जेमतेम सात लाख बिंदू आहेत. कॉलेजसाठी घेतलेला लॅपटॉप ते ओढतो. रेंडरला वेळ लागेल, लागू दे. तोवर चहा प्या.

उणिवा आहेत, लपवत नाही. तीस मीटरमध्ये कड्याची धार बोथट होते. एका बिंदूला एकच उंची, म्हणून हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारखा आत वळलेला कडा यात बसतच नाही. तो हाताने घडवावा लागतो. पाण्याने झीज कशी होते ते दाखवणारी काही विकतची सॉफ्टवेअर खरोखर उत्तम आहेत. पोटापाण्यासाठी लागली तर जरूर घ्या, पावती घेऊन घ्या. पण ज्याने अजून एकही दरी स्वतः उजळवून पाहिलेली नाही, त्याला ती का हवीत?

भाच्याचं पहिलं चित्र काल आलं. पठ्ठ्याने उंची तिप्पट केली होती, तोरणा मॅटरहॉर्नसारखा उभा. मी लिहिलं, रविवारी सिंहगडावरून त्याच बाजूचा फोटो काढ, शेजारी ठेव आणि परत कर. लांबच्या रांगा फोटोत फिकट का दिसतात तेही बघ, हवेतलं धुरकट चित्रात घातल्याशिवाय अंतर कळायचं नाही.

ताईने एफडी अजून मोडलेली नाही.