आराखडा कुणाचा?

स्त्री-संस्थांमधून गेल्या काही वर्षांत एक शब्द सारखा ऐकू येतो: धोरणात्मक आराखडा. आमच्या जिल्ह्याच्या गावी चालणाऱ्या संस्थेतही तो आला. सल्लागार आले, दोन दिवसांची कार्यशाळा झाली, भिंतीवर रंगीत कागद चिकटवले गेले आणि महिन्याभरात चाळीस पानांचा इंग्रजी मसुदा तयार झाला. आमच्या सल्ला केंद्रात सोळा वर्षे बसणाऱ्या मैत्रिणीला तो वाचता येत नाही. तिचे काम मात्र त्याने बदलून टाकले आहे. याविषयी आपल्यात कुजबुज पुष्कळ चालते. ती आता उघड चर्चा व्हावी म्हणून हे लिहिते आहे.

'जुन्या कार्यकर्त्यांना बदल नकोच असतो', हा आरोप आधी बाजूला करते. नियोजनाला माझा विरोध नाही. चळवळीने नियोजन कधी केले नाही? मथुरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले, तेव्हा १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. १९८० साली मुंबईत 'फोरम अगेन्स्ट रेप' उभा राहिला, त्या वर्षीच्या ८ मार्चला गावोगावी बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली सरकारला बलात्काराचा कायदा बदलावा लागला. हे आपोआप घडले काय? काय मागायचे, कुणाला सोबत घ्यायचे, कुठे अडून बसायचे, हे बायकांनी रात्र रात्र बसून ठरवले होते. तेव्हा आराखडा प्रश्नातून निघत होता. आज तो निधीच्या मुदतीतून निघतो. माझी तक्रार एवढीच आहे.

कौटुंबिक हिंसाचाराच्या कामाचेच बघा. २००५ चा कायदा २००६ च्या ऑक्टोबरपासून लागू झाला. पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न दंडाधिकाऱ्यांनी करावा, असे त्याचे कलम १२ सांगते. कोर्टाच्या तारखांना जाणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकीला ठाऊक आहे, की प्रत्यक्षात वर्षे जातात. आता, एखादी बाई पोटगीसाठी आणि राहत्या घरातल्या हक्कासाठी चार वर्षे झगडायला तयार झाली, तर तीन वर्षांच्या प्रकल्पात तिचा अर्ज शेवटपर्यंत 'प्रलंबित' दिसतो. उलट, तिची समजूत घालून तिला सासरी परत पाठवले, की 'प्रकरण मिटले' या रकान्यात एक आकडा वाढतो. नांदायला जायचे की नाही, हे तिनेच ठरवायचे आहे आणि तिने जायचे ठरवले तर आपण तिच्यासोबत असतो. पण तीन महिन्यांचा अहवाल जवळ आला, की आपल्या बोलण्याचा कल नकळत कुठे झुकतो? 'बायकांना परत पाठवा' असे कुणी सांगत नाही. सांगायची गरजच उरत नाही, ते काम रकाना करतो.

याच आराखड्याने आमची शनिवारची बैठक बंद केली. तिथे केंद्रात आलेल्या प्रत्येक बाईविषयी सगळ्याजणी मिळून बोलत असू. आता महिन्यातून एकदा आकड्यांचा आढावा होतो. अवघड तक्रार आली तर एकटी कार्यकर्ती ती मनात घेऊन घरी जाते.

पैशाची अडचण खरी आहे, हे मी नाकारत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी निधीच्या कायद्यात दुरुस्ती झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. भाडे, वीजबिल, हिशेबनीस, सगळे त्यातच बसवायचे. शिवाय असा निधी दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली. मोठ्या संस्थेमार्फत थोडे पैसे मिळवून तालुक्यात काम करणाऱ्या लहान गटांचा आधारच त्यामुळे गेला. दुसरीकडे २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेपुढच्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले. आमच्याकडे आलेल्या एका कंपनीने शिलाई यंत्रे आनंदाने दिली. पोलीस ठाण्यात बाईसोबत जाणाऱ्या कार्यकर्तीच्या मानधनाचा विषय काढताच मात्र 'हे जरा वादग्रस्त आहे' असे उत्तर मिळाले. मग पुढच्या आराखड्यात शिलाईचे उद्दिष्ट वाढते, पोलीस ठाण्याचे घटते, आणि त्याला आपण आपले 'धोरण' म्हणतो!

म्हणून काय पूर्वीचे दिवस परत आणायचे? मुळीच नाही. आम्ही गोलात बसत होतो हे खरे, पण त्या गोलातही शिकलेल्या, वरच्या जातीच्या बायकांचाच शब्द बहुधा शेवटचा असे. दलित स्त्रियांनी १९९५ च्या सुमारास स्वतःच्या स्वतंत्र संघटना उभ्या केल्या, त्या उगाच नव्हेत. 'आपण सगळ्या बहिणी' म्हणत वर्षानुवर्षे तुटपुंज्या मानधनावर, रजा आणि भविष्यनिर्वाह निधीशिवाय राबवून घेणे, हेही शोषणच होते. लेखी नियम हवेत, पगारश्रेणी हवी, पदाची मुदत हवी. बदल हवाच आहे. तो कोण ठरवणार, एवढाच वाद आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत. आराखड्याचा पहिला मसुदा मराठीत लिहावा, इंग्रजी भाषांतर निधी देणाऱ्यांसाठी नंतर करावे. आराखडा समितीत निम्म्या जागा केंद्रात बसणाऱ्या कार्यकर्त्यांना आणि गावच्या संघटनेतल्या बायकांना द्याव्यात, आणि त्या दिवसांची त्यांची बुडालेली मजुरी संस्थेने भरून द्यावी. 'प्रकरण मिटले' हा रकाना काढून 'बाईने काय मागितले आणि तिला काय मिळाले' असे दोन रकाने करावेत. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी पगार किती, हे दरवर्षी सभेत वाचून दाखवावे. आणि वर्गणीतून, स्थानिक देणग्यांतून, थोडा का होईना, असा एक निधी उभारावा, की ज्याच्या जोरावर एखाद्या प्रकल्पाला 'नको' म्हणता येईल. ज्या संस्थेला नाही म्हणता येत नाही, ती 'नाही' म्हणणाऱ्या बाईच्या पाठीशी कशी उभी राहणार?

मैत्रिणींनो, तुमच्या संस्थेचा आराखडा पुढच्या बैठकीत मोठ्याने वाचायला लावा. जो भाग वाचताना निम्म्याजणी गप्प होतील, तो तिथेच थांबवा आणि तो कुणी, कुणासाठी लिहिला, हे विचारा. उत्तरे याच अंकाच्या पत्त्यावर कळवा. ज्यांना माझे म्हणणे पटत नाही, त्यांनी तर जरूर लिहा.