बिनव्याजी वेळ

नुसता बसलेला माणूस कुणालाच बघवत नाही. तो घरातला नवरा असेल तर बायकोला बघवत नाही आणि बँकेतला कारकून असेल तर साऱ्या जगाला बघवत नाही. झाडाखाली बसला तर त्याला साधू म्हणतात, व्यासपीठावर बसला तर प्रमुख पाहुणा म्हणतात. काउंटरमागे बसला की मात्र लगेच 'फुकटचा पगार खातात लेकाचे!' मी गेली वीस-बावीस वर्षं काउंटरमागे बसतो आहे आणि त्यातला काही वेळ, खोटं कशाला बोला, नुसताच बसतो आहे. या नुसतं बसण्याची बाजू आजवर कुणी मांडलेली नाही. वकिलांना फुरसत नाही, आणि ज्यांना फुरसत आहे ते नुसते बसलेले आहेत. तेव्हा हे वकीलपत्र मीच घेतो. फी नको.

समुद्रासारखी बँकेलाही भरती-ओहोटी असते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनवाल्यांची भरती. त्या दिवसांत काउंटरवरून मान वर केली तर ती पुन्हा खाली आणायला वेळ मिळत नाही. बारा-तेरा तारीख उलटली की ओहोटी लागते. २०१६ साली यूपीआय आल्यापासून ही ओहोटी आणखी आत गेली आहे. कोथिंबिरीची जुडीसुद्धा आता मोबाइल दाखवून मिळते. आणि त्यातून पितृपंधरवडा आला की बघायलाच नको! नवी गाडी नको, नवं घर नको, नवं खातं नको. पितरांना मोटारसायकलचं एवढं वावडं का, हे मला उलगडलेलं नाही. पण त्या पंधरा दिवसांत आमचं कर्जाचं टेबल पान वाढून ठेवल्यासारखं सज्ज असतं आणि कावळा शिवत नाही.

नेमका हाच मुहूर्त साधून आमच्या वरच्या कार्यालयाने एकदा एक तज्ज्ञ पाठवले. टाय लावलेले. त्यांनी फळ्यावर एक गळका नळ काढला आणि म्हणाले, ''रिकामा क्षण म्हणजे गळणारा थेंब!'' आमच्या शाखेतला खराखुरा नळ तेव्हा सहा महिने गळत होता आणि त्याबद्दल आम्ही वर तीन पत्रं पाठवली होती. त्यामुळे आमच्या शिपाईमामांचा असा प्रामाणिक समज झाला, की हे साहेब नळ दुरुस्त करायला आले आहेत. त्यांनी पानाही आणून दिला.

तज्ज्ञ गेले आणि मागोमाग परिपत्रक आलं. विषय : रिक्त वेळेचा सदुपयोग. कामाची गर्दी नसताना प्रत्येक कर्मचाऱ्याने समोर येईल त्या ग्राहकास विमा विकावा आणि रिकामा वेळ कसा घालवला त्याची नोंद स्वतंत्र रजिस्टरात करावी. ते रजिस्टर भरण्यातच तो वेळ जाऊ लागला, तेवढ्यापुरतं परिपत्रक यशस्वी झालं म्हणायचं! रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो, अशी आपल्याकडे म्हण आहे. बिचारा न्हावी! परिपत्रकाप्रमाणे त्याने भिंतीला विमा विकायला हवा होता.

आता माझा तज्ज्ञांना साधा प्रश्न असा, की रिकाम्या वेळात ही मंडळी करतात तरी काय, हे तुम्ही पाहिलंत का? नसेल तर मी सांगतो.

शिपाईमामा काउंटरवरच्या पेनांना सुतळी बांधतात. हे काम लहान समजू नका. सुतळी नसेल तर पेन आठवडाभर टिकत नाही, आणि पेन नसेल तर स्लिप भरता येत नाही. आमच्या कॅशिअर मॅडम फाटक्या नोटांचे तुकडे जुळवतात. नंबराशी नंबर लावून पाहतात. कारण नोट बदलून मिळताना किती हिस्सा शाबूत आहे यावर पूर्ण पैसे, अर्धे पैसे की नुसती सहानुभूती हे ठरतं. उंदराने कुरतडलेली नोट घेऊन आलेल्या बाईला तो अर्धा-पाऊण सेंटिमीटर फार महत्त्वाचा असतो.

मी स्वतः जुनी खाती काढून बसतो. कुणाच्या खात्यावर वारसाचं नाव नाही ते बघतो. खातेदार गेला आणि नॉमिनी लावलेला नसला म्हणजे त्याच्या बायकोला किती कागद गोळा करावे लागतात, हे मी पाहिलेलं आहे. दहा वर्षं कुणी विचारलंच नाही तर ती ठेव २०१४ साली रिझर्व्ह बँकेने काढलेल्या एका खास निधीत जमा होते. हक्क सांगितला की पैसे परत मिळतात, हे खरं. पण हक्क सांगायला आपला नवरा कुठल्या बँकेत पैसे ठेवत होता हे तरी बायकोला ठाऊक पाहिजे ना! बायकोपासून तेवढी एक गोष्ट लपवण्यात पुष्कळ नवरे कमालीचे यशस्वी होतात. म्हणून रिकाम्या दुपारी मी फोन करतो, ''काका, नॉमिनीचा फॉर्म राहिलाय.'' काकांना आधी राग येतो. 'मी काय एवढ्यात जातोय की काय?' असा त्यांचा सूर असतो. पण दोन दिवसांनी मुकाट्याने येऊन सही करून जातात.

आणि आमचा नवा ऑफिसर. मुलगा थेट पाटण्याहून आलेला, हुशार, नम्र. फक्त मराठीशी त्याची ओळख नव्हती. पहिल्याच नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्याचं काम त्याच्या गळ्यात पडलं. त्याने शब्दकोश पाहून वाक्य तयार केलं आणि समोरच्या ऐंशी वर्षांच्या आजींना अदबीने विचारलं, ''आजी, तुम्ही जिवंत आहे का?'' आजी म्हणाल्या, ''आत्ता आहे रे बाबा. आणखी तासभर उभी केलीस तर सांगता येत नाही!'' त्यानंतरच्या ओहोटीत आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला मराठी शिकवलं. आता तो 'दाखला आणलात का?' असं विचारतो आणि वर 'गुडघे काय म्हणतायत?' हेही विचारतो. ही शिकवणी कुठल्या रजिस्टरात लिहायची?

आता मी बी.कॉम. असल्याचा पुरावा देतो. कॉस्टिंगच्या पुस्तकात 'आयडल टाइम' नावाचं एक प्रकरण असतं. त्याचे दोन भाग पडतात : नॉर्मल आणि ॲबनॉर्मल. यंत्राला तेल घालणं, एक काम संपवून दुसऱ्याची जुळवाजुळव करणं, कामगाराने घोटभर चहा पिणं यांत जाणारा वेळ नॉर्मल. हा वेळ पुस्तक नुकसान धरत नाही, मालाच्या किमतीतच धरतं. यंत्राला तेल लागतं हे ज्या शास्त्राला कळतं, ते शिकलेल्या माणसांना कारकुनाला चहा लागतो हे कळू नये?

बरं, पुस्तक राहू द्या. बँकेचाच व्यवहार पाहा. तुम्ही आमच्याकडे ठेव ठेवता. ते सगळेच्या सगळे पैसे आम्ही कर्जाऊ देतो का? सोय नाही! १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्यातलं ४२ वं कलम सांगतं, की ठेवींचा काही भाग रिझर्व्ह बँकेकडे बाजूला ठेवला पाहिजे. याला रोख राखीव प्रमाण म्हणतात. या पैशांवर बँकेला छदाम व्याज मिळत नाही. ते नुसते बसलेले असतात. देशभरातल्या बँकांचे कोट्यवधी रुपये काहीही न करता बसले आहेत आणि त्यांना कुणी 'फुकटे' म्हणत नाही! उलट याला शहाणपण म्हणतात, शिस्त म्हणतात. कारण शेवटचा रुपयासुद्धा कामाला लावलेली बँक भलत्या दिवशी उताणी पडते, हे सर्वांना ठाऊक आहे. मग शेवटचं मिनिटसुद्धा कामाला लावलेली शाखा भलत्या दिवशी काय करील?

तो भलता दिवस मी पाहिला आहे. असाच पितृपंधरवडा, दुपारचे अडीच. एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. सगळी शाखा त्यांना 'बाई' म्हणते. दर महिन्याला येतात आणि कॅशिअर मॅडमना नातवाची हकिगत सांगतात, तीही सविस्तर. त्या दिवशी सरळ काउंटरवर आल्या आणि म्हणाल्या, ''एफडी मोडायची आहे. सगळी. पैसे या खात्यावर पाठवा.'' चिठ्ठीवर भलत्याच गावच्या कुणाचं तरी खातं. मॅडमनी विचारलं, ''बाई, नातू कसा आहे?'' बाई म्हणाल्या, ''बरा.''

बस्स, 'बरा'! ज्यांनी सारी हयात मुलांना 'पूर्ण वाक्यात उत्तर लिहा' म्हणून दटावलं, त्यांचं उत्तर एका शब्दात! मॅडमनी काउंटर बंद केलं, बाहेर जाऊन बाईंना बाकावर बसवलं, मामांना चहा सांगितला आणि पैसे काढायच्या स्लिपच्या मागे लिहिलं, 'फोन चालू आहे का?' बाईंनी थरथरत्या हाताने खाली लिहिलं, 'पोलीस आहेत. कोणाशी बोलायचे नाही असे सांगितले आहे.' त्या अवस्थेतही पूर्ण वाक्य!

पर्समधला फोन काढून आम्ही बंद केला. 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट या देशाच्या कुठल्याही कायद्यात नाही, फोनवरून कुणाला अटक होत नाही, हे बाईंना पटवायला पाऊण तास आणि दोन चहा लागले. मग १९३० या सरकारी नंबरावर तक्रार केली. बाईंची एफडी आजही आमच्याकडे आहे.

या भामट्यांची पहिली अट कुठली असते, पाहा : 'कुणाशी बोलू नका.' पोलीस, कुलूप, पासवर्ड यांना ते भीत नसतील. पण 'नातू कसा आहे?' असं विचारणाऱ्या रिकाम्या माणसाला भितात. आणि हेच दोन तारखेला झालं असतं तर? पाठीमागे तीस माणसांची रांग, मॅडमचं लक्ष घड्याळाकडे. बाईंची सही जुळत होती, कागद बरोबर होते. आमच्यातल्या कुणीही झटपट, कार्यक्षमतेने बाईंना लुटू दिलं असतं. मॅडमना बाईंचा स्वभाव ठाऊक होता, कारण आधीच्या कितीतरी रिकाम्या दुपारी त्यांनी नातवाच्या दातांची हकिगत ऐकली होती. त्या महिन्याच्या अहवालात मात्र आमच्या शाखेने त्या दुपारी एकही विमा विकला नाही, एवढीच नोंद गेली.

ही अक्कल काही माझी नव्हे. आपल्याकडे ती पूर्वीपासून आहे आणि पैशाचा संबंध असलेल्या धंद्यांतही आहे. ससून डॉकपासून रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापर्यंत कुठल्याही बंदरावर जूनमध्ये जाऊन बघा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. हे दिवस माशांच्या विणीचे, समुद्र खवळलेला. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. कोळी काय करतात? जाळी विणतात, फाटलेली सांधतात, इंजिन उघडतात, बोटीला रंग काढतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात. त्या दोन महिन्यांत त्यांना 'मासे किती?' असं विचारणारा तज्ज्ञ अजून जन्माला यायचा आहे. आलाच तर त्याने बंदरावर जरा जपून विचारावं. नुसत्या बसलेल्या समुद्रातूनच पुढे वर्षभर पापलेट येतं आणि नुसत्या बसलेल्या दिवसांत सांधलेल्या जाळ्यातच ते सापडतं. बँकेच्या रिकाम्या दुपारी आम्ही हेच करतो. आमचं जाळं ओळखींचं असतं, एवढाच फरक.

चातुर्मासाचंही तेच. आषाढी एकादशीला खुद्द देव झोपतो आणि कार्तिकीला उठतो. चार महिने लग्नं बंद. म्हणून माणसं हात जोडून बसली का? पोथ्या, मंगळागौर, गणपती, भोंडला सगळं या चार महिन्यांतच! साऱ्या विश्वाचा व्यवस्थापक चार महिने रजेवर जातो आणि विश्व चालतं. आमचे व्यवस्थापक दोन दिवस गेले तर मागून सात परिपत्रकं येतात.

आता तुम्ही म्हणाल, की हे सगळं ठीक आहे हो, पण आम्ही रांगेत उभे असताना तुमचा माणूस आत क्रिकेटचा स्कोअर विचारत असतो, त्याचं काय? एकदम कबूल. समोर रांग असताना नुसता बसणारा माझा पक्षकार नव्हे. त्याचा वेळ ॲबनॉर्मल. तो खुशाल नुकसानीत टाका. मी बोलतो आहे तो समोर कुणी नसतानाच्या वेळेबद्दल. तो वेळ आमचा नाही आणि परिपत्रकाचाही नाही. जो पुढच्या घटकेला घाबरून, अडून, गोंधळून काउंटरवर येणार आहे, त्याच्यासाठी राखून ठेवलेला तो वेळ आहे. तो आधीच विम्याला विकून टाकला तर त्या माणसाला आम्ही काय देणार? माहितीपत्रक?

तेव्हा वरच्या कार्यालयाकडे माझी रीतसर मागणी आहे, की पैशाप्रमाणे वेळेचंही रोख राखीव प्रमाण ठरवून द्यावं. प्रत्येक शाखेने रोजच्या वेळेचा काही भाग कुणालाही न विकता बाजूला ठेवावा. त्यावर आम्ही व्याज मागणार नाही. त्याची नोंद ठेवणार नाही. तज्ज्ञांना पुन्हा पाठवायचं असेल तर खुशाल पाठवा. पण या खेपेला खडू देऊ नका, पाना द्या.

नळ अजून गळतो आहे.